गुलाबाकडचं वळण

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

जबलपूर,
ता. २२ ऑक्टोबर १९७२

तीर्थरूप आबांच्या पायांवर गहिनीनाथचं डोकं. वि. वि.

हे पत्र चांगुणा वहिनी वाचून दाखवणार, म्हणून त्यांना वेगळा नमस्कार. वहिनी, आबांपुढं वाचताना मधेच हसायचं नाही, एवढी विनंती आहे.

इटारसीची लाकडाची वखार मी सोडली. भुसा नाकात जायचा, आणि मालक दिवसभर एकाच जागी उभं करायचा. आबा म्हणतील, हे सातवं काम सोडलं. सहावंच आहे. दौंडच्या हॉटेलात मी तीनच दिवस होतो, ते धरायचं नाही.

आता इथं एका बंगल्यावर लागलो आहे. मालक विन्सेंट साहेब. मेल गाडीचे डायवर होते, आता रिटायर. त्यांच्या बागेत रेल्वे आहे. खेळण्यातली म्हणू नका, साहेबांना राग येतो. इंजन हातभर लांब, पितळेचं, साहेबांनी स्वतः घडवलेलं. आत पाणी भरतात, खाली स्पिरिट पेटवतात, आणि ते खऱ्यासारखी वाफ टाकून चालतं. मागं चार डबे. रूळ लोखंडी पट्टीचे, दोन रुळांत चार बोटं अंतर, खाली सागवानी स्लीपर. पेरूच्या झाडापासून निघून, विहिरीला वळसा घालून, मेमसाबच्या गुलाबांवरून परत पेरूखाली, अशी साठ पावलांची लाइन. मातीचा बांध घालून वर रूळ बसवले आहेत. माझं काम म्हणजे सकाळी गुलाबांना पाणी घालणं आणि मग दिवसभर लाइनवर.

अडचण अशी आहे की गुलाबाकडच्या वळणावर इंजन रूळ सोडतं. आठवड्यात चारदा पडलं. साहेब दर वेळी चाकं काढतात, कानशीनं घासतात, डोळ्याला भिंग लावून बघतात, आणि दुसऱ्या दिवशी ते परत त्याच जागी पडतं. २५ फेब्रुवारीला, रविवारी, साहेबांचे जुने डायवर मित्र कटनीहून, इटारसीहून यायचे आहेत. त्यांच्यापुढं न पडता दहा फेऱ्या झाल्या तर ठीक. नाही झाल्या तर साहेब सगळं पेटीत भरून कटनीच्या मित्राला देऊन टाकणार. लाइन गेली की नुसत्या पाण्यासाठी माणूस ठेवणार नाही, असं मेमसाबनी मला आत्ताच सांगून ठेवलं.

आबा, तुम्ही तीस वर्षं काष्टीच्या रेल्वे ग्यांगमध्ये रूळ नीट करण्यात काढली. मी कधी काही विचारलं नाही, उलट ग्यांगमध्ये यायला नको म्हणून घरातून पळालो. आता विचारतो. वळणावर तुम्ही काय करता? मला हे काम सोडायचं नाही. असं मी पहिल्यांदाच लिहितो आहे, तेव्हा वहिनींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आपल्या मायेची सावली इथवर लांब पडू द्यावी.

आपला,
गहिनीनाथ

---

काष्टी,
ता. १२ नोव्हेंबर १९७२

चि. गहिनीनाथ भावजी यांस चांगुणाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. हसले नाही. म्हणजे पहिल्या पानावर नाही. वखारीचं कामही तुम्हाला सोडायचं नव्हतं, आठवतं का? तेव्हा लिहिलं होतं की लाकडाचा वास फार छान येतो. तरी तुम्ही म्हणता म्हणून ते वाक्य दोनदा वाचलं.

इकडं यंदा पाऊस नाहीच. दिवाळी आली तशी गेली. मी आणि तुमचे दादा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळते, तिची भाकरी थापताना फाटते आणि खाताना फाटत नाही. घोड नदीच्या वाळूत झिरा काढलाय, तिथून पाणी आणायचं. बाकी सगळे धडधाकट आहेत.

मामंजींना रिटायर होऊन दीड वर्ष झालं, पण अजून पहिल्या गाडीला उठून बसतात आणि मग दिवसभर काय करावं ते त्यांना सुचत नाही. तुमचं पत्र ऐकलं आणि उठून गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वाच बरं परत. तिसऱ्यांदा म्हणाले की सगळं नको, वळणाचं तेवढंच वाच. आता ते सांगतील तसं लिहिते.

गहिन्या, वळनावर भाईरचा रूळ उचलून घ्यायचा. आतला खाली, भाईरचा बोटभर वर. गाडी भाईर फेकली जाती, तिला आत रेलायला पायजे. दुसरं, दोन रुळांच्या सांध्यात करंगळीच्या नखायेवढी फट ठेव, उन्हात लोखंड वाढतं. फट न्हाई ठेवली तर रूळ सापावानी वाकडा हुतो. आन् इंजनाला हात लावू नको, ते डायवरचं काम हाय.

एवढंच सांगितलं आणि काठी घेऊन स्टेशनाकडं गेले. पारावर सूर्यभान काकांनी मामंजींना विचारलं म्हणे, पोरगं तेवीस वर्षांचं झालं आणि अजून झुकझुक गाडी खेळतंय का? मामंजी त्या रात्री जेवले नाहीत.

तब्येतीला जपा. आमची आठवण पाण्याच्या घागरीएवढी तरी भरलेली ठेवा.

आपली,
चांगुणा

---

जबलपूर,
ता. ३ डिसेंबर १९७२

ती. आबांना दंडवत, आणि वहिनींना नमस्कार. वि. वि.

आबा, तुमच्या सांगण्याप्रमाणं केलं आणि फजिती झाली. करंगळीच्या नखाएवढी फट ठेवली. इंजनाचं चाक रुपयाएवढं, ते दर फटीत ठेचकाळायला लागलं. बैलगाडी दगडावरून जावी तसे डबे उडायचे. साहेबांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. साहेब बराच वेळ हसले. म्हणाले, तुझा बाप माणसाएवढ्या उंच चाकांना रूळ घालत होता.

फटी परत बुजवल्या, कागद जाईल एवढ्याच ठेवल्या. मग बाहेरचा रूळ बोटभर उचलला. त्या दिवशी संध्याकाळी इंजन गुलाबांच्या, म्हणजे आतल्या, अंगाला उलथलं आणि एक कळी मोडली. मेमसाबनी कळी उचलून नेली आणि कपात पाण्यात ठेवली. मग साहेबांना इंग्रजीतून फार बोलल्या. नंतर साहेब मला म्हणाले की ग्यांगमनचं ज्ञान ग्यांगमध्येच ठेव.

मला लई लागलं ते. मला बोलले असते तर चाललं असतं, ते तुम्हाला बोलले. मी तोंड वर करून एवढंच म्हटलं की बोटभर नाही तर पत्र्याएवढा उचलून बघतो. तसा उचलला. आता संध्याकाळी पडत नाही, पण परवा सकाळी परत पडलं, आणि तेही आधीसारखं बाहेरच्या अंगाला. मला काहीच कळेना.

खरं सांगायचं तर बालाघाटच्या मँगनीजच्या खाणीवर एक ओळखीचा माणूस बोलावतो आहे. पिशवी खुंटीला आहे, भरायला घटकाभर लागेल. आधी असं काही झालं की मी लगेच निघायचो. या वेळी तीन दिवस झाले, नुसता पिशवीकडं बघतो आहे. जाऊ का राहू ते तुम्ही सांगा. आजवर विचारून गेलो नाही, या वेळी विचारतो.

लोभ आहे तसाच राहावा, माझ्याकडून काही घडलं नसलं तरी.

आपला,
गहिनीनाथ

---

काष्टी,
ता. २४ डिसेंबर १९७२

चि. भावजी यांस नमस्कार. विशेष, आणि या खेपेला खरंच विशेष.

तुम्ही तिकडं वळणावर पडा, पण इकडं अंगणात मला चालायला जागा उरली नाही. साहेब हसले हे वाचलं आणि मामंजींचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता या विषयाचं नाव काढणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहते तर कापसाच्या गासड्यांना बांधतात त्या लोखंडी पट्ट्या कुठूनतरी आणलेल्या. बाभळीच्या फोका तोडून स्लीपर केले. खडी मी पुरवते. कामावर फोडताना बारीक कपची पडते ती पदराच्या गाठीला बांधून आणते. मुकादमानं एकदा विचारलं की बाई, सरकारी खडी घरी का नेता? मी सांगितलं, आमच्या मामंजींची रेल्वे आहे. त्याला वाटलं उन्हानं डोकं फिरलं, म्हणून त्यानं मला तासभर सावलीत बसवलं. ते बरं झालं.

इंजन नाही, तर फळीला चार चाकं लावून वर वरवंटा ठेवला आणि सुतळीनं ओढतात. सूर्यभान काका चार माणसं घेऊन हसायला आले होते. ऐटीत बसले, तंबाखू मळली, आणि थोड्या वेळानं त्यांनाच राहवेना. मामंजींना म्हणाले, सहादेव, लाकडी चाकानं काय कळतंय तुला. दुसऱ्या दिवशी सायकलीची बेअरिंगं घेऊन स्वतः हजर. आता दोघं म्हातारे दिवसभर उकिडवे बसलेले असतात आणि माझा वरवंटा मिळत नाही. चटणी हाताच्या मुठीनं ठेचते.

मामंजी म्हणतात ते असं.

गहिन्या, तुझ्या सायबाचं बरूबर हाय, माझं माप चुकलं. पत्र्यायेवढा चढ पुरतो, मी करून बगितला. माझा वरवंटा एकदाबी पडला न्हाई. मग तुझं का पडतंय? डायवर इंजनाकडं बगतो. तीस वरसं बगितलं मी, त्यो खाली बगतच न्हाई. तू खाली बग. पडतं तवा वेळ काय अस्ती? माती कोनची? बांधाच्या शेजारी काय हाय? रोज लिवून ठेव, आन् मग मला सांग. खानीवर जायाचं आसंल तर जा, पर इंजन चाललं की जा. पडलेली गाडी तशीच टाकून ग्यांग घरी जात न्हाई.

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून परत वाचून घेतलं.

तुमच्या दादांचा आशीर्वाद. घरचा ओढा कमी होऊ नये, एवढंच मागणं.

आपली,
चांगुणा

---

जबलपूर,
ता. १४ जानेवारी १९७३, संक्रांत

ती. आबांना आणि वहिनींना तिळगुळाचा नमस्कार. वि. वि.

इथं तिळगूळ मिळाला नाही, रेवडी खाल्ली आणि तुम्हां सगळ्यांशी मनातल्या मनात गोड बोललो.

अंगणातल्या रेल्वेचं वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. साहेबांनाही सांगितलं. मला त्यांना हिंदीत वरवंटा सांगता येईना, म्हणून स्वयंपाकघरातून त्यांचा उचलून आणून दाखवला. या वेळी हसले नाहीत. किती वजनाचा, असं विचारलं.

खाणीच्या माणसाला येत नाही म्हणून कळवलं.

तुम्ही सांगितलं तसं आठ दिवस लिहून ठेवलं. मेमसाबच्या जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहिलं आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला सहा दिवस पडलं. दुपारी एकदा. संध्याकाळी चारनंतर एकदाही नाही, आठही दिवस फेऱ्या नीट झाल्या. पण साहेबांना गाडी सकाळीच चालवायला आवडते, वारा नसतो, स्पिरिटची ज्योत हलत नाही. मित्रही सकाळीच यायचे आहेत.

माती काळी आहे, आपल्या नदीकाठच्या रानासारखी, पायाला चिकटणारी. बांधही तिचाच घातला आहे. वळणाच्या आतल्या अंगाला गुलाबांचा वाफा, बांधाला लागूनच. गुलाबांची निगा चांगली आहे. रोज पहाट फुटली की विहिरीचे चाळीस झारे मी स्वतः मोजून घालतो, एकही कमी नाही, त्यामुळं त्या बाजूनं काही चूक असेल असं वाटत नाही. वाफा भरून पाणी बांधाला लागतं तेव्हाच थांबतो.

आता सव्वा-दीड महिना उरला आहे. साहेबांनी पेट्या माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवल्या. त्याही मला दिसतील अशा व्हरांड्यातच ठेवल्या आहेत.

पत्राची वाट पाहतो. आपलेपण आहे म्हणून तगादा लावतो.

आपला,
गहिनीनाथ

---

काष्टी,
ता. २८ जानेवारी १९७३

चि. भावजी यांस नमस्कार वि. वि.

तुमचे चाळीस झारे वाचून झाले आणि मामंजी हसायला लागले. डोळ्याला उपरणं लावून हसले. रिटायर झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मला म्हणाले की लिही त्या शहाण्याला.

गहिन्या, चोर तूच हाय. काळी माती पानी पिली की फुगती, वाळली की बसती. तू तांबडं फुटताना चाळीस झारं वततोस, आतल्या अंगाची माती फुगून आतला रूळ उचलती, तुझा चढ ग्येला. दिवसभर ऊन खाऊन ती परत बसती, म्हून सांजच्याला गाडी चालती. तू सांजच्याला रूळ नीट करतोस आन् सकाळी तूच उचकटतोस. चाकं घासून काय हुनार? आता आसं कर. वळनाखालची काळी हातभर खोल उकर आन् फेकून दे. तिथं मुरूम भर, चेप, पानी मार, परत चेप. वर बारीक खडी. वाफा आन् बांध यांच्यामदी टीचभर चर काढ, तळाला उतार दे, पानी तिकडनं जाऊ दे. गुलाबाचं पानी तोडू नको. त्या बाईचं काय चुकलं न्हाई.

भावजी, हे पत्र एवढ्या सहज लिहिलं गेलं नाही. मामंजींना खात्री करायची होती. म्हणून त्यांनी अंगणातल्या वळणाखाली काळी माती घातली आणि तिच्यावर माझी भरलेली घागर ओतली. झिऱ्यावर दोन तास नंबर लावून आणलेली. मी पाहिलं आणि तोंडाला येईल ते बोलले. सासऱ्याला बोलू नये एवढं बोलले. ते ऐकून घेत होते, नजर रुळावर. उन्हं वर यायच्या आत पट्टी उचलली गेली आणि वरवंटा धाडकन पडला. सूर्यभान काका टाळ्या वाजवायला लागले, मग माझ्याकडं बघून थांबले.

संध्याकाळी मामंजी घागर घेऊन स्वतः झिऱ्यावर गेले. बायकांच्या रांगेत बसले, आणि आणून माझ्यापुढं ठेवली.  मी त्यातल्याच पाण्याचा त्यांना चहा केला. पण तुम्ही हे काम नीट करा. घागरभर पाणी गेलंय त्यात.

घरातला जिव्हाळा तुमच्या पाठीशी आहे.

आपली,
चांगुणा

---

जबलपूर,
ता. २७ फेब्रुवारी १९७३

ती. आबांच्या चरणी लोटांगण, वहिनींना नमस्कार, सूर्यभान काकांना रामराम. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो आणि कबूल केलं की तुमचं इंजन रोज मीच पाडत होतो. साहेबांना वाटलं मी नशा केली. मग मी तुमचं वाक्यन् वाक्य सांगितलं. साहेब खुर्चीवरून उठले, वाफ्यापाशी गेले, आणि गुडघे टेकून बोट मातीत घातलं.  म्हणाले, मी चौतीस वर्षं रुळावरून गेलो.

मुरूम इथून तीन मैलांवर टेकडीला मिळतो. साहेबांच्या सायकलीवर पोत्यातून आणला, एकवीस खेपा. मेमसाबना चर काढायला एक ओळ हलवावी लागेल म्हटलं तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी फावडं मागं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्यांनीच ती ओळ काढून कुंड्यांत लावली होती.

रविवारी पाच म्हातारे डायवर आले, टोप्या घालून. साहेबांनी मला सांगितलं की आज पाणी घालू नको. मी म्हटलं, साहेब, आज घालणारच, नाहीतर कळणार कसं? चाळीस झारे घातले.  चरातून पाणी निघून गेलं. मग साहेबांनी स्पिरिट पेटवलं.

पहिल्या फेरीला मी वळणाकडं बघितलंच नाही, पेरूकडं तोंड करून उभा होतो, आवाज ऐकत. चार फेऱ्या झाल्या, सहा झाल्या. नवव्या फेरीला इंजन वळणावर, गुलाबांशेजारी, उभंच राहिलं.  पण ते पडलं नव्हतं. स्पिरिट संपलं होतं. ही फेरी धरायची का नाही, यावर पाच डायवर आणि साहेब यांच्यात अर्धा तास भांडण झालं. शेवटी परत भरून मोजदाद पहिल्यापासून सुरू केली आणि सलग दहा झाल्या. आधीच्या नऊ धरून एकोणीस म्हणा.

कटनीचे साहेब रिकाम्या हातानं गेले. जाताना सगळे एकेक करून वळणापाशी वाकले, आणि खाली बघून गेले.

संध्याकाळी साहेबांनी पेट्या माळ्यावर चढवायला लावल्या आणि विचारलं की तू किती दिवस राहणार? आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हटलं, राहतो.

आता एक अवघड गोष्ट. इथं राहायचं तर रेशनकार्ड इथं काढावं लागेल. त्यासाठी घरच्या कार्डावरचं माझं नाव कमी करून तसा दाखला पाठवावा लागतो. सहा कामं झाली, पण नाव कमी करायची पाळी कधी आली नव्हती. यंदासारख्या वर्षात घरच्या साखरेतली माझी वाटणी बंद होईल, हेही मला कळतं. आबांना हे सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून वहिनी, तुम्ही त्यांचा रंग बघून वाचा.

लोभात माझं नाव राहू द्या.

आपला,
गहिनीनाथ

---

काष्टी,
ता. १८ मार्च १९७३

चि. भावजी यांस नमस्कार वि. वि.

सोबत दाखला आहे. जपून ठेवा, परत मिळायचा नाही.

मी रंग बघून वाचणार होते, पण मामंजींनी दहा फेऱ्यांच्या पुढं काय आहे म्हणून लगेच विचारलं, मग सगळंच वाचावं लागलं. ऐकून म्हणाले, कार्ड कुठं हाय? तुमचे दादा म्हणाले की मी जातो, आबा, तुम्ही कशाला उन्हात. ते ऐकेनात. धुतलेलं धोतर नेसले, रेल्वेचा जुना कोट अंगात घातला, आणि मला वाचायला म्हणून बरोबर घेतलं. यष्टीनं श्रीगोंद्याला गेलो.

कचेरीत ही रांग. आमचा नंबर आला तेव्हा कारकुनानं वर न बघताच विचारलं की नाव कमी करायचं कारण काय, मयत का विभक्त? दोनच कारणं असतात म्हणे त्यांच्याकडं. मामंजींना राग आला. म्हणाले, मयत कशानं, खुटीसारखा धडधाकट हाय. मग विभक्त का? तर म्हणाले, भांडान न्हाई, वाटनी न्हाई, विभक्त कशानं. कारकून म्हणाला, बाबा, मग मी लिहू काय? मागची माणसं ढकलायला लागली. मामंजी टेबलाला दोन्ही हात टेकून उभे. म्हणाले, लिवा की, पोरगं एका जागी बसलं.

कारकुनानं वर पाहिलं. काय लिहिलं ते दाखल्यावर आहेच, "कायम वास्तव्य जबलपूर". मी मामंजींना वाचून दाखवलं. तुमच्या नावावर तांबड्या शाईनं रेघ मारली, तीही त्यांनी बोट ठेवून पाहिली. येताना यष्टीत त्यांनी कार्ड मला दिलं नाही, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

या महिन्यापासून चहा गुळाचा. मामंजी दोन कप पितात आणि साखरेपेक्षा बरा लागतो म्हणतात. खोटं आहे ते, तोंड वाकडं होतं त्यांचं. पण मला वाचून दाखवायला सांगतात की दाखल्यावर काय लिहिलं होतं, आणि मला आता पाठ झालंय, तेव्हा चुलीपुढून न उठताच सांगते.

कार्डावरून तुम्ही गेलात, घरातून नाही, एवढं समजून असा.

आपली,
चांगुणा